येतो म्हणावं

१

कतारात, अल मुंतझामधल्या त्या इमारतीत पाण्याची एक गंमत होती. उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला की हात भाजायचा. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापत. मुरलेली माणसं मे महिन्यातच गीझर बंद करून टाकत आणि त्यात साठून निवलेलं पाणी अंघोळीला घेत. म्हणजे गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम. नव्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटे, आपली टिंगल चाललीय. निवृत्तीलाही पहिल्या उन्हाळ्यात तसंच वाटलं होतं. पण ही गोष्ट दोन हजार चार सालची, आणि तोवर पाण्याच्या बाबतीत त्याला फसवणं कुणाला शक्य राहिलं नव्हतं. पाण्याचा टँकरच चालवायचा ना तो.

माणदेशातला माणूस. गावी टँकरची वाट बघत घागरींच्या रांगेत उभं राहण्यात लहानपण गेलं, आणि वाळवंटात येऊन त्याच टँकरवर ड्रायव्हर झाला, याचं त्याचं त्यालाच हसू यायचं. सकाळी टँकर भरायचा, मुऐदरच्या नव्या बंगल्यांना गोडं पाणी टाकायचं, दुपारी खोलीवर येऊन जेवून आडवं व्हायचं, ऊन उतरलं की पुन्हा एक फेरी. बायको बबीता गावी. तिच्याशी शुक्रवारी फोन.

खोलीत तिघं होते. अब्बास म्हसळ्याचा, एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क, बोलायला फटकळ आणि आतून मऊ. तिसरा छेवांग. नेपाळात पार वरच्या अंगाला मुस्तांग म्हणून मुलूख आहे, तिथला. घरातला दुसरा मुलगा मठाला द्यायचा अशी त्यांच्यात रीत, तसा हाही पोरवयात गोंप्यात गेला. तिथं भिंती रंगवायला शिकला. पुढं मोठा झाल्यावर वस्त्रं परत करून बाहेर पडला, आणि फिरत फिरत कतारला येऊन बंगल्यांच्या भिंती रंगवू लागला. गोंप्यात ढग, कमळं आणि डोळे वटारलेले रक्षक रंगवलेला हात इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता बिस्किटी रंग मारत असे. त्याची त्याला खंत दिसली नाही कधी.

त्याच्या कॉटच्या डोक्याशी भिंतीला एक फळी ठोकलेली होती. फळीवर त्याच्या म्हाताऱ्या गुरूचा फोटो आणि फोटोसमोर स्टीलच्या सात वाट्या, आपण आमटीला घेतो तसल्याच. सकाळी तोंड धुतलं की तो त्या डावीकडून एकेक भरत यायचा. संध्याकाळी कामावरून आला की उजवीकडून एकेक रिकामी करायचा, फडक्यानं पुसायचा आणि पालथी घालायचा. दोन वाट्यांमध्ये अंतर किती, तर जवाचा दाणा मावेल इतकं. चिकटल्या तर वाईट, लांब गेल्या तरी वाईट. जव हाताशी नव्हता म्हणून त्यानं गव्हाचा एक दाणा फळीच्या कोपऱ्यात जपून ठेवला होता. पाणी निवृत्ती आणायचा, टँकरमधलं, एका छोट्या कॅनमध्ये.

"पाणीच कशापायी रं?" त्यानं एकदा विचारलं. "फुलं-बिलं चालत न्हाईत व्हय तुमच्या देवाला?"

"गुरू म्हनायचे, पाणी देताना मानसाचा जीव आखडत न्हाई," छेवांग म्हणाला. दोन वर्षांत त्यानं मराठी उचललं होतं, तेही थेट माणदेशी.

"तुझा गुरू आमच्याकडं आल्याला दिसत न्हाई कधी."

यावर छेवांग इतका हसला, की अब्बासनं झोपेतून उठून दोघांना शिव्या घातल्या. हसणं ओसरल्यावर छेवांगनं आणखी एक सांगितलं. रिकामी वाटी कधी उताणी ठेवायची नाही. उताणी रिकामी वाटी म्हणजे कुणाला तरी ये म्हणायचं आणि दारात ताटकळत ठेवायचं.

२

रोज सकाळी दोघं टँकरमधूनच निघत. मुऐदरच्या राउंडअबाउटपाशी निवृत्ती गाडी हळू करायचा, छेवांग उतरायचा. त्याच्या बाजूचं दार बिजागरीत बिघडलेलं होतं, एका झटक्यात लागत नसे. पहिल्यांदा पोकळ आवाज यायचा, मग तो पुन्हा उघडून ताकदीनं आपटायचा, तेव्हा कुठं ते बसायचं.

पहिल्या पहिल्या दिवसांत उतरताना छेवांग म्हणाला, "जातो, दादा."

निवृत्तीनं भर रस्त्यात ब्रेक मारला. मागं हॉर्नचा गदारोळ उठला, कुणी तरी काच खाली करून अरबीत काहीबाही बोललं. निवृत्तीचं तिकडं लक्ष नव्हतं. "जातो म्हनू नये," तो म्हणाला. "येतो म्हनावं."

त्याचा बाप एके दिवशी विहिरीच्या कामावर निघाला होता. घरात काही कुरबुर झालेली, तर उंबऱ्यातून "जातो" म्हणून निघाला आणि दुपारी विहिरीचा काठ ढासळला. तेव्हापासून निवृत्तीची आई पारूबाई, पोरांच्या तोंडून जातो हा शब्द आला की हातातलं लाटणं घेऊन धावायची. निवृत्ती पन्नाशीकडं झुकला तरी त्या लाटण्याचा धाक गेला नव्हता.

हे सगळं ऐकून छेवांगनं अर्धवट उघडलेलं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "तुमची भासा कुनाला जाऊच देत न्हाई, दादा."

"कशाला जाऊ द्यायचं?"

"आमच्यात उलटं. मी गोंपा सोडला तेव्हा गुरू दारापर्यंत आले. म्हनले, जा. मागं बघू नको." त्यानं दार उघडलं, पण उतरला नाही. "ते चांगलंच हाय. मेलेल्या मानसालाबी तेच सांगत्यात. पन त्या दिवशी मला वाटलं, कुनीतरी ये म्हनावं."

मागचा हॉर्न काही थांबेना. छेवांग खाली उतरला, दार दोनदा आपटलं आणि खिडकीत तोंड घालून म्हणाला, "येतो, दादा."

"ये," निवृत्ती म्हणाला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. शब्द इतके सवयीचे झाले, की आपण काय म्हणतोय हे दोघांनाही कळेनासं झालं. एकाच्या तोंडातून "येतो" आलं की दुसऱ्याच्या तोंडातून "ये" जायचं, बस्स.

३

ऑगस्टमधला एक दिवस. मुऐदरच्या अर्ध्या झालेल्या एका बंगल्यात दुपारच्या सुट्टीत छेवांग नुकत्याच रंगवलेल्या दिवाणखान्यात फरशीवर आडवा झाला, आणि सुट्टी संपली तरी उठला नाही. डॉक्टरनं हृदय थांबलं असं लिहिलं. वयाची चाळीसही पुरी नव्हती झाली. असं होतं, म्हणाले लोक. इथं असं होतं.

पुढचे दिवस धावपळीत गेले. कंपनीचा माणूस, वकिलातीतला माणूस, शिक्के. अब्बासनं ऑफिसातून रजा काढून सगळीकडं निवृत्तीबरोबर चकरा मारल्या. काठमांडूला छेवांगची बहीण पेमा शवपेटी उतरवून घेणार होती. पेटी बंद करायच्या आधी हॉस्पिटलच्या शवागारात दोघांना आत सोडलं. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, कडाक्याची थंडी. छेवांगच्या मानेवर बिस्किटी रंगाचे ठिपके तसेच होते. कुणी नीट पुसले नव्हते.

अब्बासनं ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली. निवृत्तीला काही सुचेना. त्याला एवढंच दिसत होतं, की हा माणूस आता निघालाय. तिथल्या माणसानं घड्याळाकडं बघून "यल्ला, यल्ला" करत घाई केली. निवृत्तीनं पेटीच्या कडेवर हात ठेवला, आणि रोज सकाळी हा माणूस निघताना त्याचं तोंड जे बोलायचं, तेच बोललं.

"ये," तो म्हणाला. "ये बरं."

बाहेर उन्हात आल्यावर अब्बास म्हणाला, "मय्यतीला कोण ये म्हणतं काय रे?"

"मग काय म्हनू?" निवृत्ती म्हणाला. 

४

छेवांग गेला त्या सकाळी त्यानं भरलेल्या वाट्या तशाच राहिल्या होत्या. निवृत्तीनं त्या रिकाम्या केल्या, आपल्या जाड बोटांनी जमेल तशा पुसल्या आणि पालथ्या घातल्या. फळी काढायची तर त्याच्या जिवावर आलं. राहू दे म्हणाला. नवा माणूस येईपर्यंत राहू दे.

पेटी गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी तो टँकर लावून खोलीवर आला. अब्बास ऑफिसात. एसी घरघरत होता. निवृत्तीनं जेवणाचा डबा उघडला, आणि भात कालवता कालवता त्याची नजर फळीवर गेली.

डावीकडची पहिली वाटी उताणी होती. तिच्यात पाणी होतं.

त्याला आधी अब्बासचा राग आला. मग वाटलं, एसीचं पाणी गळत असेल. त्यानं उठून बघितलं. एसी समोरच्या भिंतीला, फळी ह्या भिंतीला, आणि छत कोरडं ठणठणीत. त्यानं वाटी उचलली. दाराकडं दोन पावलं टाकली आणि थांबला.

वाटी गार होती.

तुम्ही-आम्ही म्हणू, गार तर गार. पण त्या महिन्यात, त्या इमारतीत, गार पाणी आणायचं कुठून? नळाचं पाणी कढत. गीझरमधलं कोमट. खोलीत फ्रिज नव्हता. टँकरमधल्या पाण्याला तर उन्हाची ऊब असायचीच. निवृत्तीचं सगळं आयुष्य पाण्याभोवती गेलेलं, आणि असलं गार पाणी त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. वाटीच्या बुडातून त्याचं बोट बधिर व्हायला लागलं. त्यानं पाणी मोरीत ओतलं, वाटी पुसली, पालथी घातली आणि डबा न संपवताच बंद केला.

संध्याकाळी त्यानं अब्बासला विचारलं. अब्बासनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मी तुझ्या वाट्यांना हात लावीन काय? येडा झालास?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "झोप येते ना रे तुला?"

दुसऱ्या दुपारी दोन वाट्या भरलेल्या होत्या. मग तीन.

५

निवृत्ती काही खुळा माणूस नव्हता. त्यानं पाण्याचा कॅन नेऊन टँकरमध्ये कुलपात ठेवला. अब्बासची किल्ली मागून घेतली. मोरीचा नळ कोरडा आहे का हे परतल्यावर बोट फिरवून बघू लागला. आपणच झोपेत उठून वाट्या भरतो की काय, अशीही शंका त्याला आली, आणि खरं सांगायचं तर ती शंका त्याला बरी वाटली. माणसाला आपलं डोकं फिरल्याचं दुःख होतं, पण भीती जरा कमी होते.

मग त्याला कोपऱ्यातला गव्हाचा दाणा दिसला. त्यानं तो चिमटीत धरला आणि दोन भरल्या वाट्यांमध्ये सोडला. दाणा दोन्हीकडं टेकून बसला. पुढच्या दोन वाट्यांमध्ये सोडला, तिथंही तसाच. त्यानं सगळ्या भरल्या वाट्यांमधून तो दाणा फिरवला. इतकं नेमकं अंतर त्याला जागेपणी जमलं नसतं, झोपेत कुठून जमणार? त्यानं दाणा पुन्हा कोपऱ्यात ठेवला आणि बराच वेळ कॉटवर हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

टँकरमध्येही काहीतरी सुरू झालं होतं. मुऐदरच्या राउंडअबाउटपाशी पाय आपोआप ब्रेकवर जायचा, ते ठीक. सवय. पण एका सकाळी गाडी हळू झाली आणि बाजूच्या दाराचा आवाज आला. आधी पोकळ. मग घट्ट. निवृत्तीनं समोरच बघत गिअर टाकला. बाजूला बघायचं धाडस झालं नाही, आणि बघितलं नाही याचं दिवसभर वाईटही वाटत राहिलं.

आणि खोटं कशाला बोला, भीतीच्या खाली कुठंतरी त्याला बरं वाटत होतं. दोन वर्षं ज्या माणसाशी रोज बोललो, तो एका दुपारी उठून निघून गेला, आणि आता खोलीत वाट्या भरल्या जात होत्या. चौथ्या की पाचव्या वाटीनंतर निवृत्तीनं कॅन पुन्हा खोलीत आणून ठेवला. पाणी ओतून टाकायचंही त्यानं सोडून दिलं. शुक्रवारच्या फोनवर बबीता म्हणाली, "आवाज बरा वाटतोय आज तुमचा." 

६

पेमाचा फोन अब्बासच्या मोबाइलवर आला. अब्बासनं ऐकलं, त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं फोन निवृत्तीपुढं धरला. "तुझ्याशीच बोलायचं म्हणते."

लाइनवर खरखर होती. बाई हिंदीत बोलत होती, सावकाश, शब्द जुळवत. "आप निवृत्ती दादा हो? भाई आपका बहुत बोलता था।"

 निवृत्ती नुसता हूं म्हणाला.

"दादा, गुरुजी रोज़ उसके लिए पढ़ रहे हैं। रास्ता बता रहे हैं। पर गुरुजी बोलते हैं, वो सुनता नहीं। पीठ करके खड़ा है। किसी और की तरफ़ देखता है।" ती थांबली. "उधर किसी ने उसको बुलाया है क्या?"

निवृत्तीला शवागारातली थंडी आठवली. पेटीच्या कडेवर ठेवलेला आपला हात आठवला. हमारे में ऐसा बोलते हैं, असं तो काहीतरी सांगू लागला. जानेवाले को जा नहीं बोलते, बहन. आ बोलते हैं. सांगता सांगता आपण शवागारात काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.



"आपने प्यार से बोला," ती म्हणाली. "पर दादा, उनचास दिन तक ही रास्ता खुला है। फिर वो वहीं का रह जाएगा। न मरा, न जन्मा।"

"मैं क्या करूं?"

"जिसने बुलाया, वही बोले। जा। एक बार। और उसके बाद कुछ भी न बोले, दादा। एक शब्द भी नहीं।"

फोन बंद झाल्यावर अब्बास आपल्या कॉटवर बसून फळीकडं बघत राहिला. सातही वाट्या उताण्या आणि भरलेल्या होत्या. "सांगून टाक बाबा," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बिचारा अडकलाय तो."

"हिंदीत सांगू का?"

"बोलावलंस कशात? मराठीतच ना? मग मराठीतच सांग."

७

एक अक्षर. ज्या माणसाला टँकरभर पाणी उतरवायला वेळ लागत नाही, त्याला एक अक्षर उतरवता येईना.

त्यानं प्रयत्न केला. जेवणानंतर फळीपुढं उभा राहिला, हात जोडले, तोंड उघडलं. तोंडात आईचं लाटणं आलं. उंबऱ्यातून बाहेर पडणारी बापाची पाठ आली. जा हे आपण कुत्र्याला म्हणतो, भांडखोर शेजाऱ्याला म्हणतो. आपल्या माणसाला कधी म्हणतो का? उद्या म्हणू, असं म्हणून तो बाजूला झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. अब्बास रोज संध्याकाळी नजरेनं विचारायचा आणि निवृत्ती नजर चुकवायचा. एकोणपन्नासातले दिवस संपत होते हे दोघांनाही माहीत होतं.

मग ती दुपार आली. बाहेर डांबर मऊ झालेलं. निवृत्ती घामानं निथळत जिना चढून आला आणि दार उघडताच अंगावर काटा आला. खोलीत थंडी होती, एसीची नव्हे, कोरडी, दातांना झोंबणारी. तो फळीजवळ गेला. सातही वाट्यांमधल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता. त्यानं नख लावलं. बर्फ होता.

छेवांगनं त्याला सांगितलं होतं. थंडीत गोंप्यातल्या वाट्या गोठायच्या. लहान पोरांनी संध्याकाळी अंगठ्यानं बर्फ फोडायचा आणि वाट्या मोकळ्या करायच्या, ओळीच्या ओळी. अंगठे फुटायचे. आई आठवायची.

शेवटच्या वाटीतला बर्फ फोडलेला होता. मधोमध, अंगठा जाईल एवढं भोक. कडेला किंचित लाल.

 इतके दिवस निवृत्तीला वाटत होतं, की छेवांग इथं खोलीत आहे, आपल्याबरोबर, आपल्या उबेला. छेवांग इथं नव्हताच. तो कुठंतरी उघड्यावर थंडीत उभा होता, निवृत्तीकडं तोंड करून, ये म्हणालेल्या माणसानं दार उघडावं याची वाट बघत. आणि आपण त्याला ताटकळत ठेवलं होतं. निवृत्ती तोंडावर टॉवेल धरून रडला. आपल्या एका मायेच्या शब्दानं माणसाचं इतकं वाटोळं होऊ शकतं, हे त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

८

त्या मुदतीतला शेवटचा शुक्रवार होता. अब्बास नमाज करून तिथूनच अल रुवैसला चुलतभावाकडं गेला होता. निघताना दारात घुटमळला. "आज सांग हं," एवढंच म्हणाला.

दुपारी सगळी इमारत झोपली. खालच्या कॅफेटेरियाचं शटर ओढल्याचा आवाज आला, मग तोही नाही. निवृत्ती भिंतीकडं तोंड करून पडला होता. मनात एकच अक्षर घोळवत होता, जसं लहानपणी दुकानावर निघताना काय आणायचं ते घोळवायचा. जा. मग गप्प. जा. मग गप्प.

वीज गेली असावी. एसीची घरघर ओसरत ओसरत थांबली. त्या शांततेत त्याला पाठीमागून आवाज आला.

टक.

स्टीलची वाटी लाकडावर पालथी घातल्याचा आवाज. मग फडक्याचा पुसट आवाज, गोल, सावकाश. मग पुन्हा टक. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यानं हे ऐकलं होतं. उजवीकडून. तो मोजत नव्हता, पण आवाज डावीकडं सरकत होता हे त्याला कळत होतं. म्हणजे छेवांगचं आवरत आलं होतं. निघायची तयारी चालली होती, आणि तो थांबला होता तो फक्त निवृत्तीसाठी.

निवृत्ती कुशीवर वळला.

त्याला पाठ दिसली. धुऊन धुऊन विटलेला निळा कामाचा शर्ट. वर-खाली होणारं कोपर. मान, आणि मानेवरचे बिस्किटी ठिपके, शवागारात होते तिथंच, तेवढेच. चेहरा फोटोकडं. शेवटची वाटी पुसून झाली. टक. हात खाली आला आणि अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"छेवांग," निवृत्ती म्हणाला.   मनात आईची क्षमा मागितली, बापाची मागितली, आणि म्हणाला, "जा."

पाठ हलली नाही. मग हळूहळू खांदे उतरले, डोक्यावरची घागर कुणी उतरवून घेतल्यासारखे. त्याला वाटलं, झालं. त्याला इतकं मोकळं वाटलं आणि इतकं पोरकं वाटलं, की डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं. खोलीतली थंडी ओसरायला लागली. पावलं दाराकडं गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. गुरू म्हणाले होते तसंच.

एक शब्दही नाही. निवृत्तीनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

कडी निघाली. दार उघडलं, बाहेरच्या जिन्यातला उन्हाचा पट्टा फरशीवर पडला आणि पुन्हा अरुंद होऊ लागला. दार लागत आलं. बोटभर फट उरली असेल नसेल, आणि त्या फटीतून, राउंडअबाउटपाशी खिडकीतून यायचा तोच आवाज आला. निघणाऱ्या माणसानं काय म्हणावं म्हणून ज्याला एकच शब्द शिकवला गेला होता, त्याचा आवाज. कुणी शिकवलं ते न विसरणारा.

"येतो, दादा."

निवृत्तीचे हात तोंडावर होते. पण शब्द बोटांमधून निघून गेला.

"ये," तो म्हणाला.

लागत आलेलं दार तिथंच थांबलं.